अर्ध्यावरचा झेंडा

मी बांधलेली गाठ आजवर कधी सुटलेली नाही. ही बढाई नाही, वस्तुस्थिती आहे. आमच्या बेटावरच्या फेरीबोटीवर मी चौतीस वर्षं दोर बांधले. वादळात बांधले, बर्फात बांधले, एकदा दाढ ठणकत असताना बांधले. एका हिवाळ्यात धक्क्यावरचा लाकडी खांब मुळासकट उपटून आला, पण गाठ? गाठ तिथल्या तिथं! तेव्हा लुवामच्या वाढदिवशी जे काही झालं त्यात माझ्या गाठीचा दोष नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. दोष असलाच तर एवढाच, की गाठ फार चांगली होती.

लुवाम आमच्याकडे मे महिन्यात आली. एरिट्रियाची पोर, घरातून एकटीच निघालेली. वाळवंट, समुद्र आणि चार देश पार करून डेन्मार्कला पोचली. वाटेबद्दल तिनं आम्हाला दोन वाक्यं सांगितली, आणि तिसरं आम्ही विचारलं नाही. वर्षभर ती निर्वासित मुलांच्या केंद्रात होती, तिथंच आमची भाषा शिकली. मग नगरपालिकेनं फोन करून विचारलं, 'दोन आठवडे ठेवाल का?' मी रेडिओचा आवाज कमी करेपर्यंत माझ्या बायकोनं, व्हिबेकेनं, होकार देऊन टाकला होता. त्या दोन आठवड्यांचे पाच महिने झाले. तेवढ्यात लुवाम सायकल शिकली, आमचा काळा पाव तोंड वाकडं न करता खायला शिकली, आणि मी सदुसष्ट वर्षं कॉफी म्हणून जे पीत होतो ते भांडी विसळलेलं पाणी आहे, हे तिनं मला पटवून दिलं.

सगळं छान चाललं होतं. अडचण एकच, हेन्रिएट्टे.

हेन्रिएट्टे ही नगरपालिकेची बाई. मुलगी कुठं राहावी ते ती ठरवते. सप्टेंबरात ती आमच्या टेबलाशी बसली, कागद चाळले आणि म्हणाली, "आयनार, तुमचं वय सदुसष्ट. हृदयात स्टेंट. या मुलीनं आधीच पुष्कळ माणसं गमावली आहेत. उद्या तुम्हाला काही झालं तर?"

"उद्या मला वेळ नाही," मी म्हणालो.

कुणीही हसलं नाही. पलीकडच्या मोठ्या शहरात तरुण मुलींचं वसतिगृह आहे, तिच्या भाषेच्या मुली आहेत, असं हेन्रिएट्टे म्हणाली. ऑक्टोबरमध्ये पुन्हा येईन, घर बघेन आणि मग ठरवेन. लुवाम जिन्यात बसून सगळं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिची बॅग, जी ऑगस्टात कपाटावर गेली होती, ती परत खाली पलंगाजवळ आली. भरलेली!  त्या खोलीवरून जाताना व्हिबेके दर वेळी नाक शिंकरायची.

हेन्रिएट्टेची तारीख ठरली. गुरुवार, सकाळी अकरा. आणि त्याच गुरुवारी लुवामला सतरा वर्षं पूर्ण होत होती.

मी म्हटलं, झकास! बाईला असं घर दाखवू की तिनं पेन काढायच्या आत होकार द्यावा. शांत घर, नियमित घर, आणि घरमालक घोड्यासारखा ठणठणीत. टेबलावर गरम पाव, मुलीच्या आकाराचा मोठा केक, आणि अंगणातल्या खांबावर झेंडा.

झेंडा हे माझं खातं. उन्हाळ्यातच मी लुवामला नियम शिकवले होते. सकाळी आठच्या आधी चढवायचा नाही. सूर्य बुडायच्या आत उतरवायचा. जमिनीला टेकू द्यायचा नाही. टोकापर्यंत गेला म्हणजे घरात आनंद, अर्ध्यावर थांबला म्हणजे घरातलं कुणी गेलं.

"आणि अर्ध्याच्या थोडा वर?" तिनं विचारलं.

"तसं नसतं. एक तर आनंद, नाही तर मरण."

"आणि मधलं?"

"मधलं आम्ही बोलून दाखवत नाही."

तिनं मान डोलावली. एवढ्या दिवसांत आमच्याकडे बघून तिला ते कळलं असणारच.

बुधवारी झेंड्याची दोरी मधोमध तुटली. व्हिबेके म्हणाली, "नवी आण."

"नवी कशाला? दोन तुकडे जोडतो."

"गाठ वरच्या कप्पीतून जाईल का?"

"गाठीबद्दल तू मला सांगणार?"

"गाठीबद्दल नाही, कप्पीबद्दल सांगतेय."

या वाक्याकडे मी दुर्लक्ष केलं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली की बायकोच्या वाक्यांतलं कुठलं ऐकायचं हे माणूस निवडायला शिकतो. माझी निवड नेहमी चुकते.

गुरुवार उजाडला. शाळेला शरदाची सुट्टी, म्हणून लुवाम गाढ झोपलेली. व्हिबेके सायकलवरून सहा किलोमीटरवरच्या बेकरीत उभं राहून केक सजवून घ्यायला गेलेली. बरोबर आठच्या ठोक्याला मी झेंडा बांधला आणि दोरी ओढली. झेंडा रुबाबात अर्ध्यापर्यंत गेला आणि थांबला. मी जोर लावला. गाठ कप्पीत घुसली आणि रुतली. आता वर जाईना, खाली येईना. मी लोंबकळलो, खांब वाकला, झेंडा हलला नाही.

शिडी हवी होती. लांब शिडी एब्बेकडे. हा माझा फेरीवरचा जोडीदार, निवृत्त झाल्यापासून मासे धरतो. त्याची शेड धक्क्याच्या पार टोकाला. म्हटलं, दहा मिनिटांचं काम. तेवढ्यात झेंड्याकडे कोण बघतंय? मोबाइल, चष्मा, सकाळच्या गोळ्यांची डबी, सगळं स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून मी निघालो.

एब्बे पहाटेच बोट घेऊन गेला होता. मी शेडमध्ये शिरलो, शिडीला हात घातला, आणि वाऱ्यानं मागचं दार धाडकन आपटलं. बाहेरची कडी आपोआप पडली. ही कडी दुरुस्त कर म्हणून मी एब्बेला सहा वर्षं सांगतोय. मी ठोठावलं, हाका मारल्या. शेजारच्या बर्फाच्या कारखान्याची घरघर इतकी, की माझा आवाज मलाच ऐकू येईना.

शेडला पावाच्या लादीएवढी खिडकी आहे. तिच्यातून गावचा रस्ता दिसतो आणि काही घरांचे खांब दिसतात. आमचा दिसत नाही, तो चर्चच्या मागे. मी बादलीवर बसून बघत राहिलो.

नऊच्या सुमारास शेजारीण इंगेलिसे आमच्या गल्लीत वळली. हातात फुलं, अंगात काळा कोट. तिच्या मागं पोस्टवाला, हातात फुलं. मग शाळेच्या मुख्याध्यापिका, हातात फुलं. माझा ऊर भरून आला. पाच महिन्यांपूर्वी आलेली पोर, आणि तिच्या वाढदिवसाला अख्खं गाव लोटलं! सगळ्यांचे कोट काळे होते, पण ऑक्टोबरात आमच्याकडे सगळ्यांचे कोट काळेच असतात.

मग इंगेलिसेच्या घरचा झेंडा चढला. चढला आणि अर्ध्यावर थांबला. त्यानंतर मुख्याध्यापिकांचा, तोही अर्ध्यावर. मग एकामागून एक, दिसतील तेवढे सगळे. आमच्याकडे रीत आहे, गल्लीत कुणी गेलं की शेजारीही झेंडा अर्ध्यावर आणतात. म्हणजे कुणीतरी गेलं होतं, आणि आजच!

थॉरवाल्ड, मी मनात म्हटलं. त्र्याण्णव वर्षांचा थॉरवाल्ड, दोन हिवाळे मरतोय. बिचारा सुटला. मी टोपी काढली. टोपी हातात असतानाच थॉरवाल्ड खिडकीसमोरून गेला. काठी टेकत, फुलं घेऊन.

मग कोण? बेकरीवाल्याची सासू? तीही गेली, दोन्ही पायांनी चालत. मी एकेकाला मनात मारत होतो आणि तो पाच मिनिटांत समोरून चालत जात होता.

तेवढ्यात फेरी बंदरात शिरली आणि तिनं लांब भोंगा दिला, तीनदा.  असा भोंगा फेरीवरचा जुना माणूस गेला तरच देतात. बेटावर फेरीवरची निवृत्त माणसं दोनच, एब्बे आणि मी. मी तर इथं बादलीवर बसलोय.

एब्बे! पहाटे बोट घेऊन गेलेला एब्बे!

मी रडलो. खोटं कशाला बोलू? त्याच्याच शेडमध्ये, त्याच्याच शिडीला धरून रडलो. कडीवरून त्याला सहा वर्षं टोचून बोललो, त्याची माफी मागितली. आणि दार उघडलं. दारात एब्बे, काळ्या कोटात, हातात फुलं.

"तू मेलायस," मी म्हणालो.

"मी नाही, तू मेलायस," एब्बे म्हणाला आणि त्याच्या हातातली फुलं पडली. "बोटीवरून उतरलो तर सगळे सांगतायत, आयनार गेला. म्हटलं, आधी शिडी घेऊ, तुझ्या व्हिबेकेला झेंडा नीट करून देऊ. वाकडा लागलाय."

"मेलो नाही रे, अडकलोय."

"मग झेंडा?"

"तोही अडकलाय."

एब्बेनं पडलेली फुलं उचलली. "गाठ?" त्यानं विचारलं.

"गाठ," मी म्हणालो.

तो इतका हसला, की त्याला बादलीवर बसावं लागलं.

मी बादलीवर होतो तेव्हा घरात काय झालं ते मला मागाहून तुकड्यातुकड्यांनी कळलं, पण इथंच सांगतो. इंगेलिसेनं बेल वाजवली आणि लुवाम डोळे चोळत दारात आली. इंगेलिसेनं तिला मिठी मारली. "झेंडा पाहिला गं," एवढंच बोलली. लुवामनं खिडकीबाहेर पाहिलं. झेंडा अर्ध्यावर. मीच तिला शिकवलेलं. एक तर आनंद, नाही तर मरण. घरात मी नाही. चष्मा टेबलावर, मोबाइल टेबलावर, गोळ्यांच्या डबीतलं गुरुवारचा खण न उघडलेला. झालं!

मग तिनं तेच केलं जे तिच्या गावात करतात. खुर्च्या मांडल्या, येईल त्याला बसवलं, तव्यावर कॉफीच्या हिरव्या बिया भाजायला घेतल्या आणि मोठ्यानं रडायला लागली. आमच्या लोकांना हे नवीन. आमच्याकडे दुःख म्हणजे मांडीवर हात ठेवून फरशीकडे बघायचं. वीस माणसं फरशीकडे बघत बसली होती आणि मधोमध ही पोर छाती पिटून "आबोय, आबोय" करत होती. मग इंगेलिसेला हुंदका फुटला. मग पोस्टवाल्याला. थॉरवाल्ड तर इतका रडला की त्याच्या दातांची कवळी काढून ठेवावी लागली. तेवढ्यात माझा मोबाइल वाजायला लागला. कुणी हात लावेना. मेलेल्या माणसाचा फोन कोण उचलणार? तो फोन व्हिबेकेचा होता. रस्त्यात एका ट्रॅक्टरवाल्यानं तिला पाहून ट्रॅक्टर थांबवला, टोपी काढली आणि मान खाली घालून उभा राहिला. हा मान केकला आहे की काय, हे तिला मला विचारायचं होतं.

व्हिबेके केक घेऊन घरात शिरली. केकवर सतरा छोटे झेंडे, सगळे नीट उभे. खोलीत वीस रडकी माणसं. कुणीतरी तिला खुर्ची दिली, कुणीतरी तिचा हात धरला. तिनं टेबलावरच्या माझ्या गोळ्या पाहिल्या, आणि केक मांडीवर घेऊन तीही खाली बसली, असं इंगेलिसे सांगते. मग तिनं खिडकीतून वर पाहिलं. कप्पीत अडकलेली गाठ तिला दिसली.

"थांबा," ती म्हणाली. "हा मेलेला नाही. हा मूर्ख आहे."

पण लुवामचं रडं चालूच होतं. तिला ते ऐकूही गेलं नाही. आणि दारात हेन्रिएट्टे उभी होती. तिनं फेरीवरच बातमी ऐकली होती. तिच्या हातातही फुलं होती.

नेमकं त्याच वेळी मी आणि एब्बे शिडीची दोन टोकं धरून फाटकाशी पोचलो. फाटकात पाद्रीणबाई भेटल्या. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"आयनार, मी सकाळपासून तुझ्याबद्दल बोलायला दोन चांगले शब्द शोधतेय."

"सापडले?"

"एक सापडला."

कुठला, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

मी आत गेलो.  मी म्हणालो, "वाढदिवसाच्या शुभेच्छा." तेवढंच सुचलं.

लुवाम उठली. मला वाटलं, धावत येईल, गळ्यात पडेल. ती धावत आली खरी, पण हातात कॉफीचा लाकडी चमचा होता, आणि तो तिनं माझ्या दंडावर हाणला. एकदा, दोनदा. आपल्या भाषेत बरंच काही बोलली. मग आमच्या भाषेत म्हणाली, "गोळी घेतली नाहीत. फोन नेला नाहीत. सांगितलं नाहीत. माझ्या घरातून सगळे न सांगता गेले. तुम्ही नाही जायचं असं. तुम्ही सांगून जायचं. शिडी आणायला जायचं, तरी सांगून जायचं!"

"हो," मी म्हणालो. "सांगून जाईन."

"आत्ता गोळी घ्या."

वीस माणसांसमोर मी गोळी घेतली. मग ती गळ्यात पडली, आणि माझं काय झालं ते सांगत नाही. फरशीकडे बघत होतो म्हणा.

हेन्रिएट्टे अजून दारातच होती. मी मनात म्हटलं, संपलं. ती काय बघायला आली होती? म्हातारा मरेल की काय, एवढंच. आणि तिनं काय पाहिलं? म्हातारा मेला, गाव रडलं, म्हातारा परत आला आणि मुलीनं त्याला चमच्यानं बडवलं. लुवामच्या खोलीचं दार उघडं होतं, आणि पलंगाजवळची ती भरलेली बॅगही तिला दिसत असणार.

"आबोय म्हणजे काय?" तिनं लुवामला विचारलं.

लुवामनं डोळे पुसले. "म्हातारा माणूस. घरातला," ती म्हणाली.

याआधी ती मला नुसतं आयनार म्हणायची.

"बसा," ती हेन्रिएट्टेला म्हणाली. "कॉफी तीनदा करतात. तिसरी प्यायल्याशिवाय जायचं नाही."

"माझी एकची फेरी आहे."

"तिसरी प्यायल्याशिवाय नाही," आबोय म्हणजे मी म्हणालो. हेन्रिएट्टे बसली. दुसऱ्या कपाला तिच्या कपाळावर घाम आला, तिसऱ्या कपाला एकची फेरी भोंगा वाजवत निघून गेली.

मग केक. आमच्याकडे वाढदिवसाच्या मुलानं केकच्या बाहुलीचा गळा कापायचा आणि सगळ्यांनी जीव खाऊन किंचाळायचं, अशी पद्धत. लुवामनं सुरी टेकवली, आणि सकाळपासून मांडीवर हात ठेवून बसलेली ती वीस माणसं अशी किंचाळली, की थॉरवाल्डनं घाईघाईनं कवळी परत घातली, त्यालाही किंचाळायचं होतं. सुरी हातात धरून लुवाम आमच्याकडे बघत राहिली.

"माणूस मेला की गप्प बसता," ती म्हणाली. "आणि केक कापला की ओरडता?"

 हेन्रिएट्टे हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. सप्टेंबरातल्या माझ्या विनोदाला ती हसली नव्हती, हे मी विसरलेलो नाही.

दुपारी एब्बे शिडीवर चढला. गाठ सोडवायला त्यानं वीस मिनिटं घालवली, दात लावले, शिव्या दिल्या. सुटली नाही! मी खाली उभा राहून छाती फुगवत होतो. शेवटी त्यानं मासे कापायच्या सुरीनं ती कापली. व्हिबेकेनं दुकानातून नवी अखंड दोरी आणली, आणि लुवामनं स्वतःच्या हातानं झेंडा टोकापर्यंत चढवला. आता आमच्याकडे मयताच्या दिवशी माती दिल्यावर झेंडा पूर्ण वर नेतात. त्यामुळे जे सकाळी येऊ शकले नव्हते त्यांनी संध्याकाळी फोन करून व्हिबेकेला विचारलं, 'इतक्या लवकर उरकलं?'

तीन आठवड्यांनी नगरपालिकेचं पत्र आलं. लुवामनं ते स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्यानं वाचलं. मुलगी या घरात रुजली आहे. अठरा पूर्ण होईपर्यंत इथंच राहील, त्यानंतर तिची इच्छा. ती बॅग त्याच दिवशी माळ्यावर गेली. रिकामी. मीच नेऊन ठेवली आणि वर जाताना मोठ्यानं सांगितलं, "मी माळ्यावर चाललोय!"

पत्रात 'गृहस्थांची प्रकृती' असा एक रकाना होता. त्यात हेन्रिएट्टेनं लिहिलं होतं : 'भेटीच्या दिवशी गृहस्थ सकाळी वारले होते. अकराच्या सुमारास ठणठणीत आढळले.'

आणि त्याखाली एक अट : 'या घरातला झेंडा यापुढे मुलीनं चढवावा.'

सध्या तीच चढवते. दोरीला हात लावायची मला परवानगी नाही. पण शिडी लागलीच तर मी धरतो, आणि धरायच्या आधी सांगतो.